बोटांच्या बेचक्यात

डॉक्टरांनी हातमोजा चढवला आणि पंजाबरावांच्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटापासून हलकेच वेगळी केली. वर्षाराणीने मोबाइलचा उजेड जवळ नेला. बेचक्यातली कातडी पांढरीफटक पडली होती, रात्रभर पाण्यात राहिलेल्या बोटासारखी. मुळाशी एक लाल चीर होती. पंजाबराव भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते.

"दुखतं?"

"नाय."

"खाज?"

"थोडीशीक."

"थोडीशी म्हणजे किती, काका?"

"आता कसं सांगू, डॉक्टरीनबाई. खाजवाले बसलो का जेवन राहून जाते."

वर्षाराणीला हसू आलं नाही. 'भाऊ लंगडून राह्यले, पन आता कोनाले पाय दाखवत नाय,' असं शेजारच्या रुख्मिणीने फोनवर सांगितलं, तेव्हापासून तिच्या डोळ्यांपुढून एक पाय हलत नव्हता. अकोल्याच्या तिच्या कॉलेजातल्या एका शिपायाचा. त्यालाही शुगर होती, आणि त्याचंही असंच बोटांमधून सुरू झालं होतं. पुढे गुडघ्याखालून काढावा लागला. दिवाळीची सुट्टी लागली त्याच दिवशी तिने रिसोडची एसटी धरली होती.

डॉक्टरांनी नायलॉनच्या दोऱ्याचं टोक तळव्याला ठिकठिकाणी टेकवलं. पंजाबरावांना डोळे मिटायला लावून प्रत्येक वेळी विचारलं, कळतं का. सगळीकडे कळत होतं. मग घोट्याजवळ दोन बोटं ठेवून त्यांनी नाडी पाहिली.

"रक्त नीट खेळतंय. संवेदनाही आहे. चिखल्याच आहेत या, बुरशी. आत काही गेलेलं नाही."

वर्षाराणीने मोबाइल खाली घेतला. दुसऱ्या हाताने आपण टेबलाची कड घट्ट धरली होती, हे तिला ती सोडताना कळलं.

"पण मला एक समजत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "गेल्या महिन्यात शेजारचा भागवत यांना घेऊन आला होता, तेव्हा मी मलम दिलं होतं. त्याने एव्हाना पाय कोरडा व्हायला हवा होता. काका, मेडिकलमधून आणलेली ती आधीची ट्यूब परत लावली नाही ना?"

"नाय. ते फेकली."

"त्याने खाज दबते आणि बुरशी खाली वाढत जाते. मी दिलेलं लावता?"

"लावतो नं. दोन टाइम."

"मग हे खरवडल्यासारखं काय दिसतंय?"

पंजाबराव पुन्हा कॅलेंडरकडे वळले.

डॉक्टरांनी वर्षाराणीकडे पाहिलं. पाय पाण्यात घालायचा नाही. धुतला की वेगळ्या फडक्याने प्रत्येक बेचकं टिपायचं, पूर्ण कोरडं झाल्यावरच मलम, आणि तेही चण्याच्या डाळीएवढं. चपला उन्हात ठेवायच्या. "शुगर आहे त्यांना. ही चीर वाढली आणि पू धरला, तर माझ्या हातात राहणार नाही. ॲडमिट करावं लागेल. महिन्याने दाखवा. वाढली तर लगेच या."

बाहेर आल्यावर पंजाबराव म्हणाले, "पाह्यलं? कायी नाय म्हने ते."

"कायी नाय नाही म्हटलं, बाबा."

"आत कायी गेलं नाय म्हनली नं? मंग झालं."

*

मळा रिसोडच्या बाहेर, केनवडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होता. पालक, मेथी, कोथिंबीर, कडेला वांगी. घर मळ्यातच. ज्येष्ठात आई गेली, दुपारची जेवून आडवी झाली ती उठली नाही, तेव्हापासून घरात पंजाबराव एकटे होते. भाजी कापायला आणि जुड्या बांधायला शेजारची रुख्मिणी येत असे; माहेर तिचं केनवडचं. तिचा नवरा भागवत पहाटे माल बाजारात नेई. वाफ्यांना पाणी मात्र पंजाबराव स्वतः देत. अनवाणी. पाणी कुठवर मुरलं ते पायाच्या तळव्याला समजतं, असं त्यांचं म्हणणं होतं. वाफ्यात जोडा घालून जाणं त्यांना देवघरात जोडा घालून जाण्यासारखंच वाटे.

वर्षाराणीने रिसोडमधून गमबूट आणले. पंजाबरावांनी ते हातात घेतले, उलटे करून पाहिले आणि परत दिले. मग पाणी द्यायला तीच निघाली. बूट बापाच्या मापाचे, चालताना पाय आत एकीकडे आणि बूट दुसरीकडे जाई.

"व मास्तरीन बाई," रुख्मिणी मेथीच्या वाफ्यातून ओरडली, "तू बुटाइले नेऊन राह्यली का बूट तुले?"

"हास, हास. तुही मेथी पिवयी पडली का सांगजो मंग."

"माही कायची, तुह्या बापाची हाय. मी त मजुरीची."

पंजाबराव बांधावर काठी टेकून उभे राहत आणि तिथूनच सांगत. पान्याचा तो दांड फोड. तो नाय, त्याच्या बाजूचा. माती पुरी नको काढू. लहानपणी तिने हे सगळं केलं होतं, पण हात विसरले होते. दोन-तीन दिवसांत ते परत आठवले. आई गेल्यापासून पुस्तक उघडलं की त्याच पानावर राहणाऱ्या तिच्या डोळ्यांना वाफ्यात सरकणाऱ्या पाण्याच्या कडेवर मात्र टिकून राहता येत होतं.

सकाळ-संध्याकाळ पंजाबराव मलमाची ट्यूब घेऊन विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत जात आणि दार लोटून घेत. परत आले की ती विचारे.

"लावलं?"

"लावलं."

"कोरडं करून?"

"हो वं."

ट्यूब संपत चालली होती आणि पाय तसाच होता. बाजेवर बसले असताना लांबून जेवढा दिसे, तेवढ्यावरूनही समजत होतं. एकदा आंघोळीनंतर ती फडकं घेऊन त्यांच्यापुढे खाली बसली आणि तिने पायाला हात घातला. विंचू दिसावा तसा त्यांनी पाय मागे घेतला.

"पागल झाली का? लेक होय तू."

"म्हनून त पुसून देते."

"लेकीनं बापाच्या पायाले हात लावाचा नसते. मले नरकात धाडतं का?"

हे तिला ठाऊक होतं. या घरात लेक कुणाच्या पाया पडत नसे. लेकीच्या पाया पडायचं. लग्नात पितळी परातीत त्यांनी तिचे आणि अमरदीपचे पाय धुतले होते. त्यानंतर ती दर वेळी माहेराहून निघाली की आई-बाप तिच्या पायांशी वाकत. अकोल्याच्या स्टाफरूममध्ये हे सांगितलं तर बायकांना खरं वाटत नसे. सुरुवातीला ती लाजून पाय मागे घेई. मग वाद घालून पाहिला. मग सोडून दिलं.

तिने फडकं बाजेवर ठेवलं आणि ती उठली. त्यांना बरंच व्हायचं नाही की काय, अशी एक शंका आता तिच्या मनात येऊन बसली होती. जोडीदार गेल्यावर माणसं असं करतात, हे तिने वाचलं होतं. औषध घेतात असं सांगतात आणि घेत नाहीत.

*

सुट्टी संपली त्या सकाळी तिने बॅग भरली. भागवत तिला स्टँडवर सोडायला मोटारसायकल घेऊन आला होता. चीर वाढली नव्हती, पण भरलीही नव्हती.

"बाबा, चाला माह्यासंगं. पंधरा दिवस फक्त. अमरदीपनंही म्हटलं."

"वावर कोन पाहीन?"

"भागवतदादा हाय नं."

"त्याले त्याचं हाय. जाय तू. कॉलेज बुडवू नोको."

ओटी भरायला आई नव्हती. रुख्मिणीने ती भरली. तांदूळ, नारळ, खण, आणि वर हळकुंड ठेवता ठेवता तिचे डोळे भरून आले, म्हणून ती उगाच भागवतवर खेकसली, "हॉर्न कायले वाजवतं? तुही गाडी काय इमान हाय, सुटून जाईन?"

मग पंजाबराव पुढे आले.

आई होती तोवरची शेवटची दोन वर्षं निघण्याच्या वेळी तीच पुढे होई आणि ते मागे बॅग धरून उभे असत. वर्षाराणीने त्याचा कधी विचार केला नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्यांची कमरेची गादी सरकली होती, महिनाभर पट्टा होता. मग ते पुन्हा मळ्यात उभे दिसू लागले आणि सगळ्यांनी ते दुखणं संपलं असं धरून टाकलं.

त्यांनी डाव्या हाताने दाराची चौकट पकडली आणि वाकले. उजवा हात खाली येत गेला. गुडघ्याच्या जरा खाली येऊन तो थांबला. बोटं हवेत उघडली आणि मिटली. चेहरा लाल झाला. मग त्यांनी तिच्या साडीच्या निऱ्यांना हात लावला, तोच हात कपाळाला लावला आणि चौकटीच्या आधाराने सरळ झाले.

"झालं. नीघ आता. गाडी चुकन."

वर्षाराणी त्या हाताकडे बघत होती. तिच्या पायापासून तो हातभर वरच राहिला होता.

"बाबा, तुमी मलम कसं लावता?"

"कसं म्हंजे? हातानं."

"लावून दाखवा."

"आता? तिकडे गाडी..."

"मले दाखवा."

रुख्मिणीने पदर तोंडाशी नेला. भागवतने गाडी बंद केली. पंजाबराव बाजेवर टेकले आणि काही वेळ आपल्या दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. गुडघे समोरच होते, पाय दूर होते.

"काडीनं लावतो," ते म्हणाले. "पराटीच्या काडीले फडकं गुंडायतो. त्याले मलम लावतो."

"दिसते तुमाले बोटाइत?"

"अंदाजानं जाते नं काडी."

कपाशीचं वाळलं काटूक. त्या चिरेत, रोज दोन वेळा. तिने डोळे मिटून घेतले. इतके दिवस मनात येऊन बसलेली ती शंका गेली. त्यांना बरं व्हायचं होतं. मनापासून व्हायचं होतं. फक्त हात पोचत नव्हता.

"मंग या दोन वर्सात पाय कोन पुसे?"

पंजाबरावांनी कोथिंबिरीच्या वाफ्याकडे पाहिलं.

"तुही माय. रोज दिवा लावाच्या आंधी. पुसून दे, पावडर टाके. मले म्हने, पोराइले सांगू नोका, हासतीन."

कुणीच हसलं नाही. मग रुख्मिणी नाक पुसत म्हणाली, "वो भाऊ, मले सांगाचं नं. मी लावून देल्लं असतं."

"मंग मी कुठं जाऊ?" भागवत गाडीवरून म्हणाला.

"तू जाय बजारात. तुले तेवढंच येते."

वर्षाराणीने बॅग उंबऱ्याच्या आत ठेवली आणि बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसली.  मग म्हणाली, "मलेही झाल्या, बाबा."

"काय?"

"चिखल्या. इतके दिवस वाफ्यात उभी राहून."

"तू त बूट घालत होती."

"बूट मोठे. आत पानी जाये."

"मंग लाव नं मलम. तुह्या कमरेले काय झालं?"

"मी नाय लावत. तुमी लावा." तिने उजव्या पायातली चप्पल काढली. "बापानं लेकीच्या पायाले हात लावाचा असते नं? तुमी माह्या पायाले लावा. मंग मी तुमच्या लावते. फिटंफाट. कोनाचं पाप कोनावर नाय."

पंजाबराव तिच्याकडे बघत राहिले.

"असं असते का कुठं?"

"असते वो भाऊ," रुख्मिणी ताबडतोब म्हणाली. "आमच्या केनवडले सारेच करतात."

"तुह्या केनवडले काय बी करतात."

"हो मंग. म्हनून आमचे पाय चांगले हायेत."

भागवतने मोटारसायकल फिरवली. "मी जाऊन येतो," तो म्हणाला. कुठे, ते कुणी विचारलं नाही.

*

तिने बाजेवर पाय लांब केला. पंजाबरावांनी हात धुतले, पंचाला पुसले, आणि तिचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. करंगळीजवळचं बोट बाजूला केलं. मग त्याच्या शेजारचं. मग त्याच्या. त्यांनी पाय उजेडाकडे वळवला आणि परत एकदा पहिल्यापासून पाहिलं.

कातडी कोरडी होती, स्वच्छ होती. नखांवर कधीच्या तरी लग्नातला रंग अर्धामुर्धा उरला होता.

वर्षाराणी विहिरीकडे बघत होती.

"हाय थोडंसं," पंजाबराव म्हणाले.

त्यांनी बोटाच्या टोकावर डाळीएवढं मलम घेतलं आणि वांग्याचं रोप लावताना माती दाबावी तसं एकेका बेचक्यात दाबत गेले. नांगराच्या मुठीने राठ झालेलं ते बोट तिला पहिल्यांदा गुदगुल्या करून गेलं आणि ती पाय ओढायला गेली.

"हालू नोको."

ती हलली नाही.

"दुसरा आन."

दोन्ही झाले. मग त्यांनी आपला डावा पाय बाजेवरून खाली सोडला, काठी उगाचच या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "लाव मंग. लवकर लाव."

ती खाली बसली. बाजेच्या त्या पायापाशी जमीन रोज कुणी बसून बसून थोडी खोलगट आणि घोटीव झाली होती. तिथे गुडघे टेकले ते नीट बसले. तिने पाण्याने पाय धुतला, सुती फडक्याने एकेक बेचकं टिपलं, घाई न करता, कडेपासून कडेपर्यंत. चिरेच्या दोन्ही बाजूंना काडीचे ओरखडे होते. तिथे बोट लागलं तेव्हा पंजाबरावांचा पाय ताठरला. मग सैल झाला. वरून त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"माय असंच पुसे?"

"ते लय बडबड करे पुसतानी."

"काय बडबड?"

"हेच. कोथमिरीले भाव नाय, स्वप्निलचा फोन नाय, तू बारीक झाली." त्यांनी खाली तिच्याकडे पाहिलं. "तू करत नाय वाटते बडबड."

"शिकते आता," वर्षाराणी म्हणाली.

त्या दिवशी तिने कॉलेजला रजा कळवली. पुण्याला भावाला, स्वप्निलला, फोन करून सगळं सांगितलं, आणि नंतर फोन पंजाबरावांकडे दिला. रोज संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी, बाजेवर हा कार्यक्रम होऊ लागला. आधी तिचे पाय, मग त्यांचे. रुख्मिणी जुड्या बांधता बांधता हाक देई, "उघडला का दवाखाना? नंबर लावू का?" आणि पंजाबराव म्हणत, "तुह्या केनवडले जाय." पाणी भागवत देऊ लागला. वाफ्याच्या बांधावर पंजाबराव आता चप्पल घालून उभे राहत. वाफ्यात नव्हे, बांधावर. तेवढं त्यांनी मान्य केलं होतं.

आणि हळूहळू वर्षाराणीने बडबडही केली. कॉलेजची, अमरदीपच्या बदलीची, आणि एकदा आईची.

*

महिन्याने डॉक्टरांनी पुन्हा हातमोजा चढवला, करंगळी बाजूला केली आणि भुवया उंचावल्या. चीर मिटली होती. पांढरी साल गेली होती, तिच्या जागी गुलाबी, कोवळी कातडी आली होती.

"वा, काका. काय केलंत?"

"नेमानं लावलं."

"दिसतंय. पण ऐका, बरं दिसलं म्हणून लगेच सोडायचं नाही. लोक इथेच चुकतात. अजून पंधरा दिवस लावायचं. आणि घरात आणखी कुणाला आहे का? एकाचं दुसऱ्याला लागतं, मग ते फिरत राहतं."

वर्षाराणी तोंड उघडणार, तेवढ्यात पंजाबराव म्हणाले, "हिले हाय."

डॉक्टर वळल्या. "तुम्हाला? मग दाखवा ना. बसा इथे."

वर्षाराणीने दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"मी पाह्यतो नं रोज," पंजाबराव म्हणाले. "बरं हाय आता, पन गेलं नाय पुरं. पंधरा-वीस दिवस लागतीन." त्यांनी काठी उचलली, तिच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले आणि डॉक्टरांच्या डोक्यावरून खिडकीकडे पाहत म्हणाले, "तिले उद्या अकोल्याले जा लागते, कॉलेज हाय. तिथं कोन पाहीन तिच्या पायाइकडे? मलेच जा लागन संगं."

"आणि तुमचा मळा?" डॉक्टरांनी विचारलं.

"भागवतले सांगतलं कालच."

वर्षाराणीने त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते, जिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"बरं," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी पेन उचललं. "मग दोन ट्यूब लिहिते."

"हो," वर्षाराणी म्हणाली. "दोन लिहा."